दुकानाच्या दारातून न्यायालयात

सिडनीच्या बोलीत एक जुना वाक्प्रचार आहे. एखादा माणूस फारच आगाऊ, कशालाही न बधणारा असला, तर त्याच्याकडे ‘मार्क फॉयपेक्षाही जास्त फ्रंट’ आहे असे म्हणतात. ‘फ्रंट’ या शब्दाचे इथे दोन अर्थ एकत्र आले आहेत. एक अर्थ धिटाईचा, दुसरा इमारतीच्या दर्शनी बाजूचा. मार्क फॉय हे सिडनीतले कापडचोपडाचे मोठे दुकान, आणि त्याची रस्त्यावरची दर्शनी बाजू इतकी लांबरुंद की ती बोलण्यात आली. मेलबर्नचे लोक हाच वाक्प्रचार त्यांच्या मायर या दुकानाच्या नावाने वापरतात.

मार्क फॉयचे दुकान आता नाही. ती दर्शनी बाजू मात्र आहे, आणि तिच्यामागे १९९१पासून न्यायालय भरते. त्याचे नाव डाउनिंग सेंटर. वरच्या भिंतीवर रेशीम, लेस, हातमोजे, टोप्या अशा मालाची नावे आजही इंग्रजी अक्षरांत वाचता येतात. त्यांच्याखालून वकील, पोलीस, आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार आत जातात.

या इमारतीविषयी बोलताना लोक साधारणपणे दोन प्रकारे बोलतात. पहिला प्रकार गमतीचा: हातमोज्यांच्या पाटीखालून चोर आत जातो, ही कल्पनाच हसू आणते. दुसरा हळहळीचा: चेहरा राखला आणि आतले सगळे पोखरले, तर वारसा जपला असे कसे म्हणायचे? दोन्ही प्रकारांत एक गोष्ट धरून चालतात की दुकान आणि न्यायालय यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एकाचे कवच दुसऱ्याला योगायोगाने मिळाले. मला हे पटत नाही. या दोन संस्थांमध्ये जवळचे नाते आहे, आणि ते लक्षात घेतले तरच या रूपांतराचे बरेवाईट ठरवता येते.

दुकान

फॉय घराणे मूळचे आयरिश. थोरला मार्क फॉय मेलबर्नच्या कॉलिंगवूड भागात कापडाचा व्यापार करत असे. फ्रान्सिस आणि मार्क या त्याच्या मुलांनी १८८५मध्ये सिडनीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान थाटले आणि त्याला वडिलांचे नाव दिले. धंदा वाढला तसे लिव्हरपूल स्ट्रीटवर, हाइड पार्कच्या दक्षिण टोकाजवळ, १९०८मध्ये नवे दुकान उभे राहिले. मॅक्रेडी आणि अँडरसन हे त्याचे वास्तुरचनाकार. पांढऱ्या झिलईच्या विटा, त्यावर पिवळसर टेराकोटाची नक्षी, कोपऱ्यांवर मनोरे, फ्रेंच धाटणीचे उतरते छप्पर असे त्याचे रूप होते. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या प्रख्यात दुकानाचा आदर्श समोर होता. दुकानाला ‘पियाझा स्टोअर’ म्हणत. पियाझा म्हणजे इटालियन भाषेत चौक. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस रॉस आणि रो यांनी मूळची धाटणी राखून त्यावर मजले चढवले. त्याआधी, १९२६मध्ये, जवळच म्युझियम हे भुयारी रेल्वे स्टेशन सुरू झाले होते.

हा तपशील केवळ स्थापत्याचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको याने बाँ मार्शे ज्या रीतीने चालवले, तिच्यातून खरेदीविक्रीचा नवा रिवाज जगभर रुजला. वस्तूवर किंमत लिहिलेली. ती सर्वांना सारखी. घासाघीस नाही. आत यायला कोणाची ओळख लागत नाही, आणि आल्यावर काही घेतलेच पाहिजे असेही नाही. माल उघडा मांडलेला, हात लावून बघा, आवडले नाही तर परत जा.

या रिवाजात नवे काय होते ते मला समजावून घ्यावे लागले नाही, कारण मी कापडाच्या दुकानात वाढले. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे दुकान होते. पांढरी गादी, लोड, मागे भिंतभर कपाटे. तागे कपाटात बंद असत. गिऱ्हाइकाने तोंड उघडल्याशिवाय काही बाहेर निघत नसे. काय काढायचे हे वडील माणूस बघून ठरवत. ठाणाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असे. ती अक्षरे फक्त वडील, काका आणि मुनीम यांना वाचता येत. मला ती नवव्या वर्षी समजली, तेव्हा आपण मोठे झालो असे वाटले. एकाच लुगड्याचे तीन बायकांनी तीन भाव दिलेले मी पाहिले आहेत. वडील लबाड नव्हते. तो धंदाच ओळखीवर, पतीवर आणि बोलण्याच्या कसबावर चालत होता. ज्याला बोलता येत नाही, तो जास्त देई.

१९७०च्या दशकाच्या शेवटी वडिलांनी ‘एकच भाव’ अशी पाटी रंगवून घेतली. काकांना ती आवडली नाही. पण पाटी लागल्यावर एक बदल झाला: आसपासच्या वाड्यांवरच्या बायका पुरुष माणसाला सोबत न घेता दुकानात येऊ लागल्या.

म्हणून मार्क फॉयसारख्या दुकानाकडे मी केवळ चैनीचे मंदिर म्हणून बघू शकत नाही. ते चैनीचे होतेच. तिथे मजूर बाईला रेशीम परवडत नव्हते, आणि काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींचे श्रम त्या झगमगाटात दिसत नव्हते. तरीही अनोळखी माणसाने, विशेषतः एकट्या बाईने, कोणाची परवानगी न घेता शहरातल्या भव्य इमारतीत शिरावे, ही सवय अशा दुकानांनी लावली. आपल्याकडे व्हाइटअवे लेडलॉ या कंपनीची दुकाने होती. उधारी नाही, रोख मोजा आणि घेऊन जा, या त्यांच्या शिस्तीवरून तिच्या नावाची ‘राइटअवे अँड पेडफॉर’ अशी थट्टा होत असे. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, ज्या इमारतीत या कंपनीचे दुकान होते, तिथे पुढे खादी भांडार आले. विलायती कापडाच्या दुकानात खादी विकली जावी, हा बदलही इमारतींच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे.

न्यायालय

आता न्यायालयाच्या चेहऱ्याकडे बघू. सिडनीतच, मार्क फॉयपासून फार दूर नसलेल्या डार्लिंगहर्स्ट भागात, मॉर्टिमर लुइस याने आखलेले जुने न्यायालय आहे. १८४०च्या दशकात पूर्ण झालेली ही इमारत ग्रीक मंदिरासारखी दिसते. पुढे जाडजूड डोरिक खांब. मुंबईचे उच्च न्यायालय १८७८मध्ये बांधून झाले. कर्नल जेम्स फुलर यांच्या या गॉथिक इमारतीच्या माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे आहेत. दोन्ही वास्तू सुंदर आहेत. पण खालून वर बघणाऱ्याला दोन्ही एकच गोष्ट सांगतात: तू लहान आहेस. इमारत पाहताच माणसाने आवाज खाली आणावा, हा त्या रचनेचा हेतूच आहे.

कायद्याचे तत्त्व मात्र वेगळे आहे. न्यायदान उघड्यावर व्हावे, कोणालाही आत येऊन बसता यावे. या तत्त्वाची एक महत्त्वाची परीक्षा आपल्याकडे मुंबईतूनच झाली. गिरणीमालक कृष्णराज ठाकरसी यांनी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाचे संपादक रुसी करंजिया यांच्यावर बदनामीचा दावा लावला होता. त्यात एका साक्षीदार व्यापाऱ्याने, आपली साक्ष छापली गेली तर धंद्याला धोका होईल, अशी तक्रार केली. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी ती साक्ष प्रसिद्ध करू नये असा तोंडी आदेश दिला. त्याविरुद्ध नरेश श्रीधर मिरजकर आणि इतर पत्रकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्यांच्या याचिका फेटाळल्या. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत नोंदवले. पण ज्या बहुमताने आदेश टिकवला, त्यानेही खुले न्यायालय हाच नियम आणि बंद दार हा अपवाद, हे मान्य केले. व्यापाऱ्याला भाव झाकून ठेवायचा होता आणि न्यायालयाला तो उघडा ठेवायचा की नाही हे ठरवायचे होते, असे मी या खटल्याकडे बघते.

उघडे दार, कोणालाही प्रवेश, सर्वांना सारखा नियम, बसून बघण्याची मुभा. ही यादी खुल्या न्यायालयाची आहे तशीच ‘एकच भाव’ लिहिणाऱ्या दुकानाचीही आहे. सिडनीत या दोहोंची गाठ पडली.

रूपांतर

मार्क फॉयची मालकी १९६८नंतर हातोहात बदलत गेली आणि १९८०च्या सुमारास त्याचा व्यवहार संपला. पुढे न्यू साउथ वेल्स सरकारने इमारतीत न्यायालये आणली. लोकल कोर्ट, म्हणजे मॅजिस्ट्रेटसमोरचे छोट्या गुन्ह्यांचे कामकाज, आणि डिस्ट्रिक्ट कोर्ट, म्हणजे ज्युरीसमोर चालणारे गंभीर खटले, दोन्ही इथे चालतात.

वास्तूच्या दृष्टीने हे काम सोपे नव्हते. दुकानाचा मजला सलग असतो. गिऱ्हाईक कुठूनही कुठेही भटकावे, वाटेत नसलेली गरज त्याला सुचावी, यासाठीच तो तसा असतो. न्यायालयाला नेमके उलटे हवे. न्यायाधीशाची वाट वेगळी, ज्युरीची वेगळी, कोठडीतून येणाऱ्या आरोपीची वेगळी, आणि या वाटा प्रत्यक्ष न्यायकक्षातच काय त्या एकत्र याव्यात. शिवाय दुकानाला ठरावीक अंतरावरचे खांब चालतात. न्यायकक्षात साक्षीदार आणि ज्युरी यांच्यामध्ये खांब आला तर पंचाईत. खोल मजल्याच्या मध्यभागी खिडकीही मिळत नाही. म्हणजे मार्क फॉयचे आतले अवकाश कापल्याशिवाय न्यायालय होणेच शक्य नव्हते. ‘आतले पोखरले’ ही तक्रार खरी आहे, पण ती रूपांतर करणाऱ्यांच्या बेपर्वाईची खूण नाही. सलग मजला ही दुकानाची गरज होती आणि ती संपली होती.

रूपांतरात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. इमारतीला रेजिनाल्ड डाउनिंग यांचे नाव दिले गेले. १९४१ ते १९६५ या मजूर पक्षाच्या दीर्घ राजवटीत ते न्यू साउथ वेल्सचे मंत्री होते. न्यायखाते त्यांच्याकडे होते, पुढे ॲटर्नी जनरलपदही आले. पण त्यांची सुरुवात लोकरीच्या गिरणीतली. गिरणी कामगार, मग कापड कामगारांच्या संघटनेचे चिटणीस, आणि नोकरी सांभाळून घेतलेले कायद्याचे शिक्षण, असा त्यांचा प्रवास. ज्या भिंतीवर रेशीम आणि लेस लिहिले आहे, तिच्यावर कापड विणणाऱ्या वर्गातल्या माणसाचे नाव लागले. हे जुळवून केले असेल वा नसेल, दुकानाच्या झगमगाटात जे श्रम दिसत नव्हते, ते न्यायालयाच्या नावात दिसू लागले एवढे खरे.

आत बसून

दोन वर्षांपूर्वी मी भाचीकडे सिडनीला गेले असताना एका सकाळी डाउनिंग सेंटरला गेले. दारात सुरक्षा तपासणी झाली, पर्स यंत्रातून गेली. तू कोण, कशाला आलीस, असे कोणी विचारले नाही. पडद्यावर खटल्यांची यादी होती. एका न्यायकक्षात मागच्या बाकावर बसले. खोलीला खिडकी नव्हती.

कामकाज भराभर चालले होते. दारू पिऊन गाडी चालवणे, किरकोळ चोरी, मारहाण. त्यात नवऱ्यापासून किंवा जोडीदारापासून संरक्षण मिळावे म्हणून आलेले अर्जही होते. शंभर वर्षांपूर्वी ज्या दारातून एकटी बाई निर्धास्तपणे आत येऊ शकत होती, त्याच दारातून आता दुसऱ्या प्रकारची निर्धास्ती मागायला बाया येत होत्या. त्यांतली एक माझ्या शेजारी बसली होती. तिचे नाव पुकारल्यावर ती उठली, आणि उठताना तिने ओढणी सारखी केली तशी गळ्यातली रुमालपट्टी सारखी केली.

तिच्यानंतर एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा उभा राहिला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर पाकिटातल्या घड्यांच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या: छातीवर दोन उभ्या, पोटावर एक आडवी. शर्ट आदल्या संध्याकाळी घेतलेला असणार. कापड दुकानदाराच्या मुलीला हे दिसतेच. न्यायालयात जायचे म्हणून त्याने, किंवा त्याच्या आईने, नवा शर्ट घेतला होता.

मला आमचा दावा आठवला. वडिलांनंतर दुकानाच्या वाटणीवरून काका आणि आम्ही चौदा वर्षे दिवाणी न्यायालयात होतो. ते न्यायालय एका जुन्या वाड्यात भरत असे. पुढे चौक, चौकाला चार पायऱ्या. तारखेला आई नेहमी एकच लुगडे नेसे, इस्त्री केलेले, आणि त्या पायऱ्यांवर बसून राही, कारण बायकांना बसायला दुसरी जागा नव्हती. आत काय चालले आहे ते तिला कळत नसे. वकील बाहेर येऊन सांगत, “पुढची तारीख पडली.” एकदा तिने मला विचारले, “अगं, ह्यांचीपण आपल्यासारखी चिठ्ठीवरची अक्षरं असतात का?” दावा शेवटी तडजोडीने मिटला. तोवर दुकान बंद पडले होते.

आईच्या त्या प्रश्नापुढे डाउनिंग सेंटरची परीक्षा मी केली. दार उघडे होते, मागचा बाक मोकळा होता, यादी सर्वांना वाचता येत होती. हे थोडे नाही. पण त्या मुलाला काय चालले आहे ते कळले का? त्याच्या वतीने बोलणारी वकील आणि समोरचे मॅजिस्ट्रेट यांच्यात दोन-तीन मिनिटे झाली, कलमांचे आकडे झाले, आणि तो बाहेर आला. बाहेर त्याने वकिलीणबाईंना पहिला प्रश्न काय विचारला ते मला ऐकू आले: “म्हणजे काय झालं?” माल उघडा मांडला होता, चिठ्ठीवरची अक्षरे मात्र सांकेतिकच राहिली होती.

निष्कर्षाकडे

आपल्याकडेही दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या इमारतींत न्यायालये आहेत. मुंबईचे नगर दिवाणी व सत्र न्यायालय जुन्या सचिवालयात भरते. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांची १८७४ची ही इमारत राज्यकारभारासाठी होती. तिची दर्शनी बाजू हुकूम सुटण्याची आहे, अर्ज घेऊन येणाऱ्याची नाही. पणजीत आल्तिन्यावर जुन्या लिसेवच्या, म्हणजे पोर्तुगीज काळच्या विद्यालयाच्या, आवारात उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ अनेक वर्षे होते; २०२१मध्ये ते पर्वरीच्या नव्या इमारतीत गेले. शाळेच्या इमारतीला निदान सर्वांनी आत यावे याची सवय असते. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेही जुन्या न्यायालयाच्या वास्तूतच. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी त्यामुळे वाचली. माझ्या आईसारख्या बाईला न्यायालयाचे दार किती भव्य आहे यापेक्षा ते किती लांब आहे हे आधी कळते.

या सगळ्यांत मार्क फॉयचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते ते एका कारणासाठी. इमारतीची दर्शनी बाजू हा केवळ देखावा नसतो. आत कोणी यावे आणि कसे यावे याविषयी तिच्यात एक वचन असते. सचिवालयाने दिलेले वचन न्यायालयाला अडचणीचे ठरते, मंदिरासारख्या खांबांचे वचन तर त्याहून. दुकानाने दिलेले वचन न्यायालयाला पुढे चालवता येते. म्हणून मार्क फॉयचा चेहरा राखला हे योग्यच झाले, आणि आतला मजला गेला याची मला हळहळ नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. वारशाची नोंद करताना आपण विटा, मनोरे, नक्षी, पाट्या यांची यादी करतो. त्या दुकानाची सर्वांत मोलाची वस्तू होती ती किमतीची चिठ्ठी: सर्वांना दिसणारी, सर्वांना वाचता येणारी. ती यादीत नव्हती, म्हणून ती राखली गेली नाही. न्यायालयात तिची जागा घेईल असे काहीतरी हवे: समोरच्या माणसाला कळेल अशा भाषेत काय झाले, किती दिवस लागतील, किती खर्च येईल हे सांगणारी एक साधी पाटी, एक खिडकी, तिथे बसलेला एक माणूस. हे सिडनीला लागू आहे आणि आपल्या तालुक्याच्या न्यायालयालाही. जुने वाडे, सचिवालये, शाळा यांत न्यायालये भरवताना नकाशे आखणाऱ्यांनी न्यायाधीशांच्या दालनाआधी ती खिडकी कुठे असेल हे दाखवावे.

वडिलांची ‘एकच भाव’ची पाटी माझ्या माळ्यावर आहे. रंग उडाला आहे, अक्षरे वाचता येतात.